बाहीचं माप

“बाही चुकली न्हाय, नंदा. तुजा हात सुजलाय.”

मशीनवर बसलेली चंद्रव्वा एवढंच म्हणाली होती, तेही खालच्या आवाजात, दोऱ्याचं टोक दातांत धरून… आणि आरशासमोर उभ्या असलेल्या महानंदानं ते हसण्यावारी नेलं होतं. नुसती हसली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण त्यावर ती जे बोलली ते आठवलं की आजही तिला स्वतःची लाज वाटते.

चंद्रव्वा तिची थोरली जाऊ. नवरा ईरप्पा चार वर्षांपूर्वी काविळीनं गेला, पदरी मूल नाही. सोलापुरात सात रस्त्याच्या मागच्या बोळातल्या तीन खोल्यांत ती सासूच्या आणि धाकट्या दिराच्या संसारात स्वतःला दुमडून ठेवल्यासारखी राहायची आणि दुपारभर गल्लीतल्या बायकांच्या चोळ्या शिवायची. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, टेपवरचे आकडे वाचता येत नाहीत. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाचा तिच्याकडे एक दोरा असे. मनगटाला एक गाठ, दंडाला दोन, छातीला तीन. असे साठ-सत्तर दोरे एका पत्र्याच्या डब्यात, आणि कुठला कुणाचा हे तिला कधी कुणाला विचारावं लागलं नाही. बी.ए. झालेल्या महानंदाला त्या डब्याची गंमत वाटायची… थोडी कीवही.

महानंदाच्या बाळंतपणासाठी गाऊन शिवायची सूचना इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंची. साडी गुंडाळून येऊ नका, सुती, सैल, पुढून खालपर्यंत उघडणारा गाऊन आणा. तपासायला आम्हाला सोपं, बाळाला पाजायला तुम्हाला. घरी हे सांगितल्यावर सासूनं, बसव्वानं, कपाळावर हात मारला होता. चार पुरुष येतात-जातात अशा वॉर्डात सून झगा घालून पडणार, मग वरून मडमेची टोपीपण घाल म्हणावं! शेवटी तडजोड झाली. गाऊन चालेल, पण बाही मनगटापर्यंत हवी. चंद्रव्वानं ट्रंकेतून धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं एक लुगडं काढलं, ईरप्पानं तिला आणलेलं शेवटचं, आणि कुणाला काही न बोलता त्याला कात्री लावली.

आणि माप घेतल्याला आठच दिवस झाले होते, तर त्या बाहीचं बटण मनगटावर लागेना.

“माप चुकलं म्हणा की, अक्का,” महानंदा म्हणाली. “हात-पाय तर सगळ्यांचेच सुजतात. तुम्हाला बाळंतपणातलं काय कळतंय?”

मशीनचं चाक थांबलं. चंद्रव्वाचे ओठ हलले… काहीतरी अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. पण आतल्या खोलीतून सासूचं खाकरणं ऐकू आलं आणि तिनं ते गिळलं. गाऊन हळूच सोडवून घेतला, घडी घातली आणि मांडीवर ठेवून ती कितीतरी वेळ त्यावर नुसता हात फिरवत बसली.

खरं सांगायचं तर महानंदा घाबरलेली होती, आणि घाबरलेलं माणूसच असं बोलतं. तिची आई मंगळवेढ्याला, घरातच, धाकट्या भावाच्या वेळी गेली. नऊ वर्षांची महानंदा बंद दाराबाहेर बसली होती. आत काय झालं ते तिला कधीच कुणी सांगितलं नाही. म्हणून तर पहिलं बाळंतपण असूनही ती माहेरी गेली नव्हती. ती बाळाच्या लाथा मोजायची, वाचनालयातून आणलेलं पुस्तक उशाखाली ठेवायची, आरशात जीभ बघायची… पण दुसऱ्या कुणी भीतीचा शब्द काढला की ती त्याची थट्टा करायची. कारण दुसऱ्यालाही दिसलं म्हणजे ते खरं!

त्याच संध्याकाळी तिचा नवरा, चनबसप्पा, दुकानातून फिकट गुलाबी नायलॉनचा तयार गाऊन घेऊन आला. फुगीर बाह्या, मनगटाला इलॅस्टिक. तो घातला की हात फुगलेला दिसतच नव्हता, आणि महानंदाला तो लगेच पसंत पडला. सुती गाऊनचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. रात्री काढताना इलॅस्टिकनं मनगटावर बोटभर खोल लाल खाच पाडलेली असे. ती चोळून नाहीशी होईपर्यंत महानंदा दिव्याकडे पाठ करून बसे.

पुढच्या गुरुवारी सकाळी तिचं डोकं दुखायला लागलं. सासूनं उन्हाचं पित्त म्हणून धने-जिऱ्याचं पाणी दिलं. शहात्तरचा एप्रिल होता, पत्रे तापून घरात भट्टी झाली होती. चनबसप्पा रेल्वेत बुकिंगला, सकाळच्या पाळीला गेलेला. आणि चंद्रव्वा चूल तशीच टाकून सकाळीच कुठे नाहीशी झाली होती. बसव्वाची बडबड चालू होती, की घरात भरल्या दिवसांची बाई अन् ही हिंडतीय गावभर. महानंदा भिंतीला टेकून ऐकत होती आणि भिंतीवर बारीक बारीक ठिणग्या उडत होत्या. डोळे मिटले तरी उडत होत्या. तिनं ते कुणालाही सांगितलं नाही.

बाराच्या सुमाराला दारात टांगा थांबला. चंद्रव्वा उतरली ती पळतच आत आली; घामानं निथळलेली, डोक्यावरचा पदर कधी पडला त्याचंही भान नाही, आणि मुठीत एक दोरा.

डॉक्टरीणबाईंच्या दारात ती सकाळपासून उभी होती. शिपायानं दोनदा हाकललं. शेवटी बाई बाहेर पडल्या तेव्हा तिनं वाट अडवून तो दोरा त्यांच्यापुढे धरला होता: माप घेतलं तेव्हा मनगट इथवर होतं, बाही घातली तेव्हा गाठ सोडून इथवर. दोन बोटं. बाईंनी एकच विचारलं, डोकं दुखतंय का तिचं? आणि उत्तराची वाट न बघता, आत्ताच्या आत्ता घेऊन या म्हणाल्या.

“अजून तीन आठवडं हायत,” बसव्वा दारात आडवी झाली. “तू कोन गं ठरवनार? आपल्या वंगाळ तोंडानं काय बोलू नको तिच्याम्होरं, सांगून ठिवलंय मी.”

“न्हाय बोलले, अव्वा. पोटुशीच्या कानावर वाईट पडू नये म्हनालात, म्हनून हिला काय सांगितलं न्हाय. माज्या लेकीचं नावबी ह्या घरात घेतलं न्हाय.” चंद्रव्वाचा आवाज चढला नव्हता. ती महानंदासमोर खाली बसली. “मला पोरगी झालती, नंदा. पुरत्या दिवसांची. त्याच्या आदी पंधरा दिस बांगड्या मनगटात रुतत हुत्या. मी आपला कासारालाच बोल लावला, चुडा घट्ट भरला म्हनून. मग डोकं दुकायला लागलं, डोळ्याम्होरं काजवं आलं. मग झटकं… मी उटले. ती न्हाय उटली.”

काजवे… महानंदानं भिंतीकडे पाहिलं. आणि एकाएकी, इतक्या वर्षांनी, त्या बंद दाराआडचा एक आवाज तिच्या कानांत स्पष्ट वाजला: काच फुटल्याचा. आत्या आईच्या बांगड्या फोडून काढत होती, कारण त्या निघत नव्हत्या. नऊ वर्षांच्या मुलीनं तो आवाज ऐकला होता, आणि त्याचा अर्थ तिला आज कळत होता!

“अक्का,” ती म्हणाली, “मला पण दिसतायत.”

बसव्वानं खुंटीवरची चादर ओढली, सुनेच्या खांद्यांभोवती गुंडाळली आणि स्वतःच टांग्याकडे हाक मारली.

इस्पितळात रक्तदाबाचा पट्टा बांधायला नायलॉनची बाही वर सरकेना. नर्सनं दोनदा ओढून पाहिलं, मग सरळ कात्रीनं ती खांद्यापर्यंत चिरली, आणि पारा चढत गेला तसा तिचा चेहरा बदलत गेला. धावपळ सुरू झाली. सुई टोचली, खिडक्यांवर पडदे ओढले, बोलू नका, हलू नका, उजेड नको. त्या चिरलेल्या नायलॉनमध्ये घामानं महानंदा चिकट झाली होती, आणि मरताना आपण असं विद्रूप दिसणार, हा वेडा विचार तिच्या मनातून जाता जात नव्हता.

आत एकाच बाईला राहता येईल, डॉक्टरीणबाईंनी बजावलं. अशा वेळी मान सासूचा. आणि विधवेला तर बाळंतिणीच्या खोलीचा उंबरासुद्धा बंद. चंद्रव्वा आपणहून मागं सरकली होती. बसव्वानं तिचा दंड धरला.

“तू जा,” ती म्हणाली. “मला लई भ्या वाटतंय. तुला ठावं हाय काय करायचं ते.”

चंद्रव्वाच्या काखेत निघताना उचललेलं एक बोचकं होतं. त्यातून तिनं तो सुती गाऊन काढला. त्या दिवशी घडी घालून ठेवलेला गाऊन तिनं पुन्हा उसवला होता. दोन्ही बाह्या मनगटापासून खांद्यापर्यंत उघडून काठाला बटणं लावली होती, पुढची पट्टीही तशीच पावलापर्यंत. हात न हलवता तो अंगावर चढला. पट्टा बांधायला चार बटणं सोडली की काम झालं. नर्सनं मान वर करून चंद्रव्वाकडे पाहिलं आणि पट्टा बांधायला घेतला.

“अक्का, मी तुम्हाला नको ते…”

“गप. डोळं मीट. ते सगळं मागनं.”

त्या अंधाऱ्या खोलीत किती प्रहर गेले ते महानंदाला आठवत नाही. आठवतो तो फक्त कपाळावरचा हात, शिवणकामानं बोटांची टोकं खरखरीत झालेला, जो एकदाही उचलला गेला नाही.

शुक्रवारी उजाडल्यावर मुलगी झाली. जेमतेम पाच पौंड, पण आवाज असा की बाहेर बाकावर बसलेल्या चनबसप्पाला रडू कोसळलं. नर्स बाळ घेऊन आली तेव्हा चंद्रव्वा हात मागं बांधून भिंतीशी जाऊन उभी राहिली.

“घ्या ना, अक्का.”

“अव्वा घेतील आदी. माजा हात नको.”

“तुम्ही घेतल्याशिवाय मी पाजणार नाही.”

बसव्वा तोवर आत आली होती. तिनं नर्सच्या हातून नात घेतली, मुका घेतला नाही की दृष्ट काढली नाही. चालत भिंतीपाशी गेली आणि ती थोरल्या सुनेच्या हातांत दिली. मग पदर तोंडाला लावून खाटेच्या पायथ्याशी बसली.

“तुमच्या मुलीचं नाव काय ठेवणार होतात?” महानंदानं विचारलं.

चंद्रव्वानं बाळाचं दुपटं सारखं केलं.

“गौरव्वा.”

“मग हिचंही…”

“नको.” बाळावरची नजर न काढता चंद्रव्वा म्हणाली. “त्ये तिचं तिला ऱ्हाऊ दे. हिला हिचं ठिव.”

याला आता तीन वर्षं झाली. चनबसप्पाची बदली जेऊर स्टेशनावर झाली, मागच्या पावसाळ्यात बसव्वा गेली, आणि चंद्रव्वा त्या तीन खोल्यांत एकटीच राहिली. किती विनवण्या केल्या. गिऱ्हाइकं टाकून कसं येऊ, म्हणाली. महानंदाला पुन्हा दिवस गेले आहेत आणि यावेळी डॉक्टरांनी प्रवासाची सक्त मनाई केली आहे. चनबसप्पा महिन्यातून एकदा जातो. पण तो पुरुषमाणूस. दारात उभं राहून विचारतो, “वैनी, बऱ्या आहात ना?” ती म्हणते, “व्हय की,” आणि तो पुढच्या गाडीनं परत येतो. परवा मात्र सहज बोलता बोलता म्हणाला, वैनी जरा वाळल्यासारख्या वाटल्या. त्या शब्दानं महानंदाचा जीव थाऱ्यावर नाही.

म्हणून तिचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. सोलापुरात कुणी राहत असाल, तर सात रस्त्याच्या मागच्या बोळात, पिठाच्या गिरणीला लागून जे निळं दार आहे, तिथं एकदा जाऊन या. ती मी बरी हाय म्हणेल, त्यावर विश्वास ठेवू नका. दारातून परतू नका. प्यायला पाणी मागा, ती उठली की तिच्यामागून स्वयंपाकघरात जा, आणि चुलीतली राख आजची आहे का, तेवढं हात लावून बघा.