बारशाआधीची हाक

तिकिटं दोन होती, आणि दोन्ही यांनीच काढली होती. नैरोबी ते मुंबई एक, मोठ्या विमानाचं. मुंबई ते जळगाव दुसरं, कुठल्याशा नव्या कंपनीच्या अठरा खुर्च्यांच्या विमानाचं. ती कंपनी वर्षभरही टिकली नाही. आज जळगावात तिचं नाव कोणाला आठवायचं नाही. पण त्र्याण्णवच्या मे महिन्यात तिनं निम्म्या भाड्यात तिकिटं वाटली होती, आणि स्वस्त काही दिसलं की आमच्या यांना त्यात देवाचा हात दिसतो.

"रेल्वेचं रिझर्वेशन नाही. तीन महिन्यांचं लेकरू घेऊन गर्दीत कुठं धक्के खाशील?" हे म्हणाले.

खरं कारण मला माहीत होतं. नैरोबीच्या गिरणीतल्या फोरमनची, पंडित पाटलाची बायको विमानातून उतरली, हे धुळ्यात चार लोकांना कळायला हवं होतं. हे स्वतः येणार नव्हते. रजा नव्हती.

दोन तिकिटांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पहिलं विमान उतरणार सहारला, दुसरं सुटणार सांताक्रूझहून. पहिल्याला उशीर झाला तर दुसरं थांबणार नव्हतं. मधलं सगळं माझ्यावर. मी डी.एड. झालेली बाई, पाचवीच्या वर्गाला विज्ञान शिकवलेली. पण महिनाभर मला एकच काळजी पोखरत होती, की या बदलाबदलीत माझं काहीतरी मागं राहणार. बॅगा मी सतरा वेळा मोजल्या.

निघण्याआधी सासूबाईंचं पत्र आलं. झुंबरबाईंना लिहिता येत नाही. धाकट्या दिरानं, सुकदेवभाऊंनी लिहिलेलं. नातवाचं बारसं धुळ्यात, देवासमोरच होईल. तोवर कोणीही नाव ठेवायचं नाही. आणि खाली एक ओळ त्यांच्याच बोलीत, जशी सांगितली तशी: ‘पोरले जठे टेकाडशी, तठून उठताना तीनदा हाक मारजो. नही ते जीव मांगे राही जास.’

पोराला जिथं टेकवशील, तिथून उठताना तीनदा हाक मार, नाहीतर त्याचा जीव मागं राहतो. मी हसले होते. मग पत्राची ती ओळ पुन्हा वाचली. माझं हे असंच. हसायचं आधी, घाबरायचं नंतर.

नैरोबीपासून बाळ रडत होतं. सहा तास. पुढच्या खुर्चीवरच्या बाईनं दोनदा वळून पाहिलं, तिसऱ्यांदा कानात कापूस घातला. कागदावर त्याचं नाव नुसतं ‘बेबी पाटील’. मी मनातल्या मनात त्याला समीर म्हणत होते, पण तोंडातून काढायची छाती नव्हती. सासूबाई चार हजार किलोमीटरवरूनही ऐकतील असं वाटायचं.

सहारला पहाटे उतरलो. टॅक्सी करून सांताक्रूझला आले, तेव्हा आठ वाजले होते. दुसरं विमान साडेअकराचं.

त्या कंपनीची खोली सगळ्यात मागं होती. लांबलचक बोळ, त्याच्या शेवटी काचेचं दार. आत खिळवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या दोन रांगा आणि एक कण्हणारा पंखा. खिडकी नाही. बाहेर मे महिन्याची सकाळ रणरणत होती आणि आत मात्र ट्यूबलाइटचा तो आजारी उजेड. फिनाईलचा वास होता, आणि त्याच्याखाली दुसरा एक... नासलेल्या दुधासारखा. मला वाटलं, माझ्याच पदराचा असेल.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर शाल घालून बाळाला ठेवलं. हाताला खुर्ची गरम लागली, जशी कोणी उठून गेल्यावर लागते. खोलीत तेव्हा माझ्याखेरीज कोणी नव्हतं.

बाळ गप्प झालं. एकदम. सहा तास रडणारं लेकरू टेकवताक्षणी झोपलं, आणि मला इतकं हायसं वाटलं की मी काहीच विचार केला नाही. त्या हायशा वाटण्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

हळूहळू माणसं जमली. दहा-बारा असतील. केळीचे व्यापारी, एक नवरा-बायको, काठी घेतलेले एक म्हातारे. साडेअकराचे साडेबारा झाले. मग कारकून दार ढकलून ओरडला, "जळगाववाले, चला." मी बॅगा गळ्यात अडकवल्या, बाळाला शालीसकट खांद्यावर घेतलं, आणि दारापर्यंत गेल्यावर ती ओळ आठवली.

लाज वाटली. एवढ्या लोकांत, विमानतळावर, रिकाम्या खुर्चीला हाक मारायची? पण मारली. वळून, ओठातल्या ओठात.

"बाळा, चल. बाळा, चल. बाळा, चल."

"कोण राहिलंय मॅडम?" कारकुनानं विचारलं.

"कोणी नाही."

"मग चला ना. ही एसटी नाही, हात केला की थांबायला."

ते म्हातारे सगळ्यात शेवटी आले, गुडघ्यामुळं. माझ्या शेजारची खुर्ची त्यांची. जीवराम आबा, यावलचे, केळीवाले. विमान वर गेल्यावर बराच वेळ ते माझ्या खांद्याकडं बघत होते.

"ताई, तुमचं लेकरू झोपलंय वाटतं."

"हो. आत्ताच कुठं."

"हं..." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "रागावू नका. मी मागं राहिलो होतो ना... खोलीत कोणी नव्हतं. त्या बयाण्या, खुळ्या कारकुनानं दिवेही मालवले. पण पोर रडत होतं. त्या कोपऱ्यात."

"दुसऱ्या कोणाचं असेल."

"दुसरं पोर कुठंय?" आबा म्हणाले.

मी विमानभर पाहिलं. नव्हतं. आबा टोपी डोळ्यांवर ओढून बसले. मी शाल बाजूला केली. बाळ झोपलेलं नव्हतं. डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडं बघत होतं. शांत. एखादं माणूस नवीन घर बघतं तसं.

जळगावला धावपट्टीच्या बाजूला माळावर पंधरावीस माणसं विमान बघायला उभी होती. यांची हौस फिटली म्हणायची. उन्हानं डोळे दिपले, झळा लागत होत्या, बाळाच्या तोंडावर सरळ ऊन आलं. ते रडलं नाही. सुकदेवभाऊंनी जीप आणली होती. एरंडोल गेलं, पारोळं गेलं, खड्ड्यांत डोकं टपाला आपटत होतं. रडलं नाही. धुळ्यात, देवपुरात घराच्या उंबऱ्यावर सासूबाईंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पाणी फिरवलं, त्याला उचलून घेतलं.

"कसं शानं पोर शे," त्या म्हणाल्या. "बठ्ठास्ना मांडीवर जास." सगळ्यांच्या मांडीवर जातं, याचं त्यांना कौतुक.

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. आळीतल्या पन्नास बायका, घुगऱ्या, पाळणा. नणंदेनं कानात कुर्र केलं आणि माझ्या सासऱ्यांचं नाव ठेवलं, निंबा. समीर माझ्या पोटातच राहिला. नाव कानात पडताच बाळ हसलं. बायका म्हणाल्या, बघा, ओळखलं त्यानं. मला वाटलं, ओळखलं नाही, हाती लागलं.

असले विचार येतात म्हणून मी स्वतःलाच रागावले. झोप नाही, परकं घर, ओली बाळंतीण. पुस्तकात असतं सगळं.

पण आईला एक गोष्ट पुस्तकात बघावी लागत नाही. माझं बाळ भूक लागली की आळी उठवायचं. हे रडायचंच नाही. मी कामात असले तर मागं काहीतरी जाणवायचं. वळून बघावं तर पाळण्याच्या दोन दोरांतून ते माझ्याकडं बघत असायचं. किती वेळ, कोणास ठाऊक. घ्यायला गेले की तोंड उघडायचं. हिशेबानं, वाट बघून शिकलेल्या माणसासारखं.

चौथ्या दिवशी दुपारी सासूबाई ज्वारी निवडत होत्या. मी जाऊन समोर बसले आणि आबांचं बोलणं सांगितलं. त्यांचा हात सुपात थांबला.

"हाक मारी व्हती?"

"मारली होती. तीनदा."

"काय नाव लीसन?"

"नाव कुठं होतं, आई? तुम्हीच म्हणालात ठेवू नका. बाळा म्हटलं."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग दाराकडं, जिथं पाळणा होता, आणि आवाज इतका खाली गेला की मी पुढं वाकले.

"मंग जे व्हतं, ते उनं."

"म्हणजे... तिथं जे होतं ते आलं? आणि आपलं?"

"आपलं निजेल व्हतं ना. निजेल पोर कसं ऐकी?"

"मी परत जाते. आजच. तिथं जाऊन नाव घेऊन हाक मारते."

"कोनतं नाव?" त्यांनी विचारलं. "ते ते आपीन याले दी टाकं. आते त्या नावनी हाक मारशी, ते हाऊच ई."

निंबा म्हटलं की आता हाच येणार. पाळण्याच्या कडीचा आवाज झाला. आम्ही दोघीही वळलो नाही. सासूबाईंनी सूप पुन्हा हातात घेतलं. थोड्या वेळानं, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल, म्हणाल्या, "शिकेल बायास्ले लाज भलती. दोन घटका थांबती, उठाडती त्याले, ते काय व्हतं?"

त्या विषयावर त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. आणि पुन्हा कधी त्याला मांडीवर घेतलं नाही.

मी यांना सविस्तर पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: ‘तू शिकलेली ना? रडत नाही तर बरंच आहे की. लोक नवस करतात त्यासाठी.’ खाली विमानातून उतरतानाचे फोटो काढले का, असं विचारलं होतं.

मी त्या खोलीकडं परत गेले नाही. दिवाळीत कंपनी बुडाली, मला वाटलं संपलं. खोटं कशाला बोलू? न जाण्याचं कारण ते नव्हतं. पाचव्या महिन्यात हा माझ्या अंगावर पीत असताना त्यानं माझं बोट धरलं. घट्ट. आणि मला बरं वाटलं. त्या अंधाऱ्या खोलीत माझं कोणी रडत असेल, हे माहीत असून बरं वाटलं. अशी मी आई.

नैरोबीला परतणं लांबतच गेलं, आणि धुळ्यातच निंबा सहा वर्षांचा झाला. शाळेत पहिला, कोणाशी भांडण नाही, कधी पडला तरी गुडघ्याकडं नुसता बघतो. नव्व्याण्णवच्या एप्रिलमध्ये यांनी आम्हा दोघांना नैरोबीला बोलावलं. या वेळी जळगावहून रेल्वेनं निघालो. दादरला उतरून टॅक्सी केली, आणि सहारच्या आधी मी ड्रायव्हरला म्हणाले, पाच मिनिटं सांताक्रूझला थांबा.

बोळ तोच होता. काचेच्या दाराला आतून पुठ्ठे लावलेले, बाहेर कुलूप. आत मोडक्या ट्रॉल्या ठेवतात, असं झाडणारा माणूस म्हणाला. निंबा माझ्या शेजारी उभा. मी काचेला कान लावला. काही नाही. पंखासुद्धा नाही. मी तोंड उघडलं. समीर म्हणावं? ते नाव त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. आणि समजा आलाच, तर माझ्या हातात ज्याचा हात आहे, त्याचं काय? तो हात गरम होता. मी तोंड मिटलं.

"चल," मी म्हणाले. फक्त निंबाला. तेही एकदाच.

टॅक्सीत तो आधी चढला. खिडकीपाशी बसायचा त्याचा हट्ट असतो. पण या वेळी मधे बसला, माझ्याकडं सरकला, आणि खिडकीपाशी एवढीशी जागा मोकळी ठेवली. त्या बाजूचं दार नीट लागलं नव्हतं, ते लावायला ड्रायव्हर उतरला.

"काका," निंबा हळू आवाजात म्हणाला, "दार आपटू नका. आत्ताच झोपलाय."