रविवारचं पान

सोलापुरात पुस्तकं विकायची तर गाईडं विकावीत, स्पर्धा परीक्षांची विकावीत, वह्या-कंपास ठेवावेत, हे महेश्वरला सासऱ्यापासून समोरच्या चपलांच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांनी सांगून झालं होतं. त्यानं गाईडंही ठेवली, कारण पोट कुणाला चुकलंय? पण नव्या पेठेतल्या त्या अरुंद दुकानात शिरल्याशिरल्या जे टेबल लागायचं, ते त्यानं हट्टानं छोट्या प्रकाशकांना दिलं होतं. घरातल्या एका खोलीतून तीनशे प्रती काढणारी, जाहिरात न परवडणारी माणसं. त्यांची पुस्तकं मुखपृष्ठ वर करून आडवी मांडायची, प्रत्येकात स्वतःच्या अक्षरातली शिफारशीची चिठ्ठी ठेवायची, आणि रविवारी सकाळी अकराला एक पान वाचायचं.

हे पानाचं खूळ ऋतुजाचं, त्याच्या एकुलत्या मुलीचं. दहा-बारा खुर्च्या, चहा, आणि टेबलावरच्या एखाद्या पुस्तकाचं एकच पान कुणीतरी मोठ्यानं वाचायचं. पुढच्या रविवारी पुढचं पान, वाचणारा दुसरा. पान संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. वाचणाऱ्याचा घसा बसला, तर शेजारच्यानं ओळीखाली बोट ठेवून वाक्य उचलायचं, पण खंड पडू द्यायचा नाही. "अर्ध्या पानावरनं उठलेला माणूस पुस्तक घेत नसतो, अप्पा," ऋतुजा म्हणायची. आणि खरोखरच, पुरं पान ऐकलेला माणूस जाताना बहुतेक वेळा प्रत घेऊनच जायचा.

यंदा एप्रिलात जेऊरहून दिपालीचं पार्सल आलं. ती शाळेत शिकवायची आणि उरल्या वेळात प्रकाशन चालवायची. पुस्तक एका मेंढपाळावर होतं, धोंडीराम नावाच्या. नाव होतं 'वाडग्याचं तोंड'. वाडगं म्हणजे मेंढरं कोंडायची जागा.

एरवी महेश्वर वाचल्याशिवाय चिठ्ठी लिहीत नसे. पण त्याच आठवड्यात ऋतुजाला पुण्यात नोकरी लागली. बायको जाऊन तीन वर्षं झालेली. घरात दोन माणसं होती, आता एकच उरणार होतं. त्याला ते सोसवत नव्हतं, आणि तिच्यापाशी बोलून दाखवावं तर तेही जमत नव्हतं. त्यानं पुस्तक उघडलंच नाही. नुसतंच लिहून टाकलं, 'मी वाचलंय. तुम्हीही वाचा.'

दिपालीचा फोन आला. "सर, तुमी पूर्ण वाचलं?"

"हो, पूर्ण."

तिनं परत विचारलं, "संपलं ना पण?"

"म्हणजे?"

"काय न्हाय. लई बरं झालं," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

पहिल्या रविवारी पहिलं पान पाच मिनिटांत झालं. दुसऱ्या रविवारी गिरणीतून निवृत्त झालेले गुरप्पा वाचायला बसले. त्यांना चाळीस मिनिटं लागली. चहावर साय धरली, पण कुणी चुळबूळ केली नाही. "लई मोठं पान की ओ, अण्णा," जाताना गुरप्पा घाम पुसत म्हणाले. महेश्वरनं ते उघडून पाहिलं. सव्वीस ओळी. गुरप्पा कानडीतून विचार करून मराठी वाचतात, म्हणून वेळ लागला असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

तिसरा रविवार ऋतुजाचा. दुपारी दोनची गाडी होती. दारापाशी तिची निळी बॅग, वर कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पिशवी. "जाताजाता एक पान वाचून जाते," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. स्टेशन दहा मिनिटांवर. घाई नव्हती.

धोंडीराम पहाटे वाडग्याच्या तोंडाशी उभा राहून मेंढरं बाहेर काढतोय, असं ते पान होतं. एक मेंढी बाहेर आली, ती लंगडत होती. दुसरी आली, तिच्या कानाला चीर होती. तिसरीचं कोकरू मागं राहिलं होतं. ऋतुजाचा आवाज छान लागला होता. महेश्वर गल्ल्यामागून ऐकत राहिला.

मेंढरं येत राहिली. प्रत्येक निराळी, कुठलीही पुन्हा आली नाही. पंख्याचा वारा गरम झाला. महेश्वरनं घड्याळ पाहिलं तेव्हा सव्वाबारा झाले होते, आणि तिनं पान उलटलेलं नव्हतं.

तो उठून तिच्या मागं गेला. तिचं बोट खालून चौथ्या ओळीवर होतं. ते सरकत होतं, सारखं खालीच सरकत होतं. दहा मिनिटं तो बघत उभा राहिला. बोट खालून चौथ्याच ओळीवर होतं.

"ऋतू, पुरे गं," तो हळूच म्हणाला.

ती वाचतच राहिली. फक्त डोळे वर करून तिनं त्याच्याकडे पाहिलं. ते पाण्यानं भरले होते. पुस्तकाकडे न बघताही तिचं वाचन चालूच होतं.

महेश्वर पुढं वाकला. त्यानं पुस्तक ओढलं. तिची बोटं पांढरी पडली, पण सुटली नाहीत. बाकीच्यांकडे पाहावं तर सगळे हात मांडीवर ठेवून शांत ऐकत होते. गुरप्पांची पापणी लवत नव्हती.

एक वाजला. तिचा आवाज फाटला.

तेव्हा त्यानं जे करायचं तेच केलं. ओळीखाली बोट ठेवलं आणि वाक्य उचललं.

तिचे हात सुटले. ती धडपडत उठली, माठातलं पाणी घटाघट प्याली. महेश्वर वाचत होता. जबरदस्ती अशी काहीच जाणवत नव्हती. पुढचं वाक्य जिभेवर आधीच येऊन बसलेलं असायचं, ते बोलून टाकल्याशिवाय श्वास घेता येत नव्हता, एवढंच.

"अप्पा, चला की. सोडा ते," ऋतुजा दारातून म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "गाडी जाईल माझी."

त्यानं मान हलवली. एकटी जा, असं त्याला सांगायचं होतं. तोंडातून मेंढीच बाहेर आली.

ती थांबली. बापाला असं टाकून जाणारी ती पोर नव्हतीच. "बरं. पान झालं की निघू," म्हणून ती दाराशेजारच्या खुर्चीवर टेकली.

एक वीस.

आणि मग बोट खरंच खाली सरकलं. खालून तिसरी ओळ. दुसरी. शेवटची. शेवटची मेंढी बाहेर आली, धोंडीरामनं पाठ फिरवली. महेश्वरला पूर्णविराम दिसला, छापलेला, साधा. तिथं थांबलं की सुटका होती. गाडीही मिळाली असती.

लोक खुर्च्यांत हलले. गुरप्पांनी काठी हातात घेतली. ऋतुजा अर्धवट उठली, तिचा हात बॅगेकडे गेला.

महेश्वरनं बोट उचललं आणि पानाच्या पहिल्या ओळीवर ठेवलं.

एक मेंढी बाहेर आली, ती लंगडत होती.

गुरप्पांनी काठी पुन्हा भिंतीला टेकवली. ऋतुजा क्षणभर उभी राहिली, मग तिनं दारातली बॅग आत ओढून घेतली आणि सँडलचे पट्टे सोडले.