ब्रेक लाइट बघणारा माणूस

सावनीला बायपासवरच्या ट्रकांची भीती वाटते.

पिशोर गावाहून आलेल्या कडुबा वॉचमनला शहराचं पाणी खारट लागतं.

मांडीवर पाण्याचा जार घेऊन बसलेलं माणूस त्या उन्हाळ्यात दर दुसऱ्या रिक्षात दिसायचं.

ब्रेक दाबला की मागं काय होतं, ते चालवणाऱ्याला कधीच दिसत नाही.

एवढं ध्यानात ठेवा. पुढचं सगळं घडलेलं आहे. हिमांशू माझा मावसभाऊ, सावनी त्याची बायको. दोघंही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाहीत. हिमांशू तर अजूनही ठेवत नाही. म्हणूनच त्याला झोप लागत नाही.

सन २०१६, मे महिना. शहर तेव्हा औरंगाबादच होतं. बीड बायपासला इमारतींवर इमारती उठत होत्या आणि नळ कोरडे होते. हिमांशूच्या सोसायटीत टँकर यायचा, तोही मनात आलं तर.

सावनीच्या माहेरी, मुकुंदवाडीला, बोअरला अजून पाणी होतं. हिमांशू वाळूजच्या कारखान्यातून सुटला की गाडी घेऊन तिकडं जायचा. सावनी ऑफिसातून स्कूटीवर यायची. डिकीत आणि मागच्या सीटवर जार भरायचे आणि दोघांनी घरी निघायचं. तो पुढं, ती मागं.

"ट्रकवाले मला चिरडतील रे. तू पुढं हो, मी तुझ्या आडोशानं येते," ती म्हणायची.

आणि त्याच महिन्यात गाडीच्या कंपनीचा मेसेज आला. या मॉडेलच्या गाड्यांत ब्रेक लाइटच्या वायरिंगमध्ये दोष आढळला आहे. वर्कशॉपमध्ये मोफत बदलून मिळेल. तोपर्यंत निघण्यापूर्वी लाइट तपासून घ्यावी.

हिमांशू दुसऱ्याच दिवशी वर्कशॉपला गेला. तिथं मंदार नावाचा गोड बोलणारा मुलगा होता.

"सर, पार्ट यायचाय. आला की मीच फोन करतो."

फोन आला नाही. हिमांशू पुन्हा गेला. पार्ट यायचाच होता. तिसऱ्यांदा गेला तर मंदारने डिकीतल्या कार्पेटवर तळहात दाबला.

"ओलं आहे सर."

"दुष्काळ आहे. पाणी नेतो गाडीतून."

"मग पाण्यानं वायरिंग गेलं असंही कंपनी म्हणू शकते ना सर..."

"अरे, तुमच्याच कंपनीनं कळवलंय ना दोष आहे म्हणून? पाणी मी आत्ता भरायला लागलो!"

"मी वर मेल टाकतो सर. चहा घेणार?"

हिमांशूने चहा घेतला नाही. परतताना गाडीत एकटाच शिव्या देत आला.

मग रोजचा एक उपचार सुरू झाला. निघण्यापूर्वी सावनी गाडीच्या मागं उभी राहायची. गॅरेजमध्ये करतात तसंच.

"दाब... लागली. सोड... गेली. चल."

कधी लागायची नाही. मग हिमांशू उतरून डिकीतली वायर हलवायचा, आणि लागायची.

एका संध्याकाळी रिकामे जार घ्यायला घरी आलेला तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकटाच होता. सावनी मुकुंदवाडीला पोचली होती. चिडून त्याने ब्रेकवर पाय दिला. बघायला कोणी नाही, हे ठाऊक असूनही.

"लागली."

मागून... अगदी डिकीपाशी.

त्याने पाय उचलला.

"गेली."

"थँक्यू कडुबा," तो म्हणाला आणि काचेतून समोर बघितलं.

कडुबा वॉचमन समोर होता. गेटपाशी. टँकरचा पाइप दोन्ही हातांनी धरून.

हिमांशू उतरला. गाडीच्या मागं कोणी नव्हतं. नुसती फरशी. कोरडी.

"कडुबा, मागं कोण होतं आत्ता?"

"म्या काय जाणं साहेब! ह्यो पाइप सोडला तर समदी बिल्डिंग मला सोडंल व्हय?"

आवाज कडुबाचा नव्हताच. म्हातारा नाही, तरुण नाही. वाकलेल्या माणसाचा असतो तसा. पोट दुमडलेलं असताना बोलल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्याही.

तुम्ही म्हणाल, पळाला कसा नाही? मीही हेच विचारलं. तो म्हणाला, "मी इतका वैतागलो होतो ना... वर्कशॉप ऐकत नाही, कंपनी ऐकत नाही. निदान हा कोण आहे तो तरी काम करत होता."

त्याने आवाजाची परीक्षाही घेतली. गाडी भिंतीकडं पाठ करून लावली आणि आरशात भिंतीवरचा लाल उजेड बघितला. आवाज "लागली" म्हणाला तेव्हा भिंत लाल. आवाज गप्प राहिला तेव्हा भिंत काळी.

एकदाही चुकला नाही.

एकदा त्याने विचारलं, "कोण आहे?"

फक्त डिकीतल्या जारमधलं पाणी डुचमळलं...

गाडी उभी होती.

सावनीला त्याने यातलं काही सांगितलं नाही. ती हसली असती.

तो दिवस शुक्रवार होता. दिवेलागणीची वेळ. मुकुंदवाडीला जार भरून झाले. सासूबाई भानुमती दारातून म्हणाल्या, "जावईबापू, पोहे टाकते, दोन घास खाऊन जा." उशीर झाला होता. हिमांशू गाडीत बसला, ब्रेक दाबला.

"लागली," मागून आलं.

सावनी स्कूटी स्टँडवर लावायला लागली. "थांब, बघते."

"नको. आत्ताच झालंय बघून."

"कोणी बघितली?"

"अगं झालंय म्हणतो ना! चल, अंधार पडतोय."

तो चल म्हटल्यावर ती निघाली. कायम निघते.

बायपासवर धूळ होती. पुढं एक पाण्याचा टँकर गळत चालला होता. आरशात सावनीचा दिवा दिसत होता. लहान, थोडा हलणारा.

टँकर एकदम थांबला.

हिमांशूने ब्रेक दाबला.

आणि आवाज आला... पण या वेळी बाहेरून नाही.

आतून. मागच्या सीटवरून. जारांच्या मधून.

शांतपणे.

"लागली."

त्यानंतर मागं रस्त्यावर पत्रा घासत गेल्याचा आवाज. हॉर्न नाही. किंकाळी नाही.

आरशात दिवा नव्हता.

सावनी वाचली. खांद्याचं हाड तुटलं होतं. सकाळी ती शुद्धीवर आली. हिमांशू पलंगाशी बसला होता. तिने आधी पाणी मागितलं. मग म्हणाली, "लाइट लागली नव्हती, हिमांशू."

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"पण मी तुझ्या गाडीवर नाही आदळले. मला तू थांबलास ते कळलंच नव्हतं. मी त्या माणसाला चुकवायला गेले."

"कोणत्या?"

"तुझ्या गाडीच्या मागं होता तो. वाकून, लाइटपाशी तोंड नेऊन बघत होता. मुकुंदवाडीपासून होता. मला वाटलं, काहीतरी लोंबतंय डिकीतून. मग माझ्या दिव्यात पाठ दिसली." ती थांबली. "गाडी पळत होती ना रे? आणि तो चालत होता. सावकाश. मग तो ताठ झाला आणि माझ्याकडं वळला..."

"मग?"

"मग काही नाही. तू सांग. तू कोणाला म्हणालास बघायला?"

या प्रश्नाचं उत्तर हिमांशूने अजून दिलेलं नाही. सावनी अजून विचारते. भाजी चिरताना, टीव्ही बघताना. डावा हात तिचा खांद्याच्या वर जात नाही. केस बांधायला ती त्याच्यापुढं पाठ करून बसते, आणि तेव्हा हटकून विचारते.

पावसाळ्यात मंदारचा फोन आला. पार्ट आला होता. तासाभरात काम झालं. कार्पेटचं नाव कोणी काढलं नाही.

"दाबा सर," मंदार मागून म्हणाला.

हिमांशूने दाबला.

"लागली सर! एकदम ओके. कंपनीतून फोन येईल, तेवढे दहापैकी दहा द्या."

हिमांशू काच खाली करून म्हणाला, "तुझ्या शेजारी कोण उभं आहे?"

"कोणी नाही सर. का?"

कारण "लागली" दोनदा ऐकू आलं होतं.

गाडी आता पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी असते. विकावी तर घेणाऱ्याला काय सांगायचं? न सांगता द्यावी तर त्याच्या मागं कोण येत असेल? तो कंपनीच्या बसने वाळूजला जातो. सगळ्यात शेवटच्या सीटवर बसतो, पाठ पत्र्याला लावून. ड्रायव्हरने ब्रेक मारला की डोळे मिटतो.

आणि आता त्याला आठवतं, नवी गाडी ताब्यात घेतली त्या सकाळी शोरूमचा सेल्समन शेजारी बसून एकेक बटण दाखवत होता. ब्रेक दाबून बघा, म्हणाला. हिमांशूने दाबला. मागून कोणीतरी "लागली" म्हणालं. गाडी तेव्हा मागच्या भिंतीला टेकवून उभी केलेली होती.