यादीतलं तिसरं नाव

एकतीस सालच्या थंडीत, बुलढाण्याच्या मोटारस्टँडवर आम्ही एकमेकांवर आदळलो. मी शाळेच्या पुस्तकांचं पार्सल उतरवून घेत होते, तो घाईनं शेगावच्या मोटारीत चढत होता. त्याच्या हातातला कागद खाली पडला. द्यायला म्हणून मी उचलला... ‘काटकसरीस्तव खालील अकरा इसमांना कामावरून कमी करण्यात येत आहे.’ तिसरं नाव वामनराव. माझे वडील, आमचे दादा!

“कोण तुम्ही?”

“भालचंद्र. मोजणीच्या तुकडीचा प्रमुख.”

डोळे मोठे देखणे होते मेल्याचे. त्यानं मला आणखीच राग आला.

“वामनराव माझे दादा. त्यांना माहीत आहे हे?”

“दुपारी नोटीस लागेल भिंतीवर.”

“अन् तुम्ही?”

“मी... दोन दिवस रजेवर.”

“काऊन? त्यांची तोंडं पाहवत नाहीत? वीस वर्षं उन्हात शेतं मोजली त्यांनी. आता भिंतीनं सांगायचं त्यांना?”

मोटारीचा भोंगा वाजला. त्यानं टपावरची वळकटी खाली मागितली.

दुपारी कचेरीच्या अंगणात त्यानं स्वतः नावं वाचली. मी कुंपणाशी उभी होते. मोजणीची साखळी ओढणारा निवृत्ती ओरडला, “साहेब, आमचं चुकलं काय?”

“काहीच नाही. वरून आकडा आला. नावं मात्र मी निवडली.”

मी तडक आत शिरले. “दादांचंच नाव काऊन?”

“तुम्ही शाळेत शिकवता. तुमच्या घरात एक पगार राहतो. त्यांच्याऐवजी ज्याला ठेवलं त्या उकंडरावाकडे सात तोंडं आहेत आणि दुसरा पगार नाही.”

ते खरं होतं, म्हणून तर मी आणखी चिडले. “एकदा विचारायचं होतं आम्हाला!”

“हो,” तो हळूच म्हणाला. “चुकलं.”

पुढं दर रविवारी तो सायकलीवरून गावोगाव फिरला, कोणाकडे काम आहे का विचारत. शिफारसपत्रं घेऊन आमच्या ओसरीवर यायचा. मी चहाची कपबशी आदळून ठेवायची.

“सगळ्यांनाच ‘प्रामाणिक’ लिहिलंत? निवृत्ती बांधावर उभा राहून शेत किती एकर ते सांगतो. ते लिहा!”

“तुम्ही सांगा, मी लिहितो.”

“माझ्याकडे काय पाहता? कागदाकडे पाहा.”

“कागद रागावला की असा लाल होत नाही...”

मी आत पळाले. पण खरंच लाल झाले होते.

निवृत्तीला जानेफळच्या एका जमीनदारानं ठेवलं. फाल्गुनापर्यंत बाकीचे दहाही जण कुठं ना कुठं लागले. दादांचं वय पाहून मात्र सगळ्यांनी मान हलवली. ते रोज सकाळी कोट घालायचे, आणि खुंटीला परत अडकवायचे.

“मी राजीनामा देतो. माझ्या पगारात दादांना परत घेता येईल,” भालचंद्र म्हणाला.

“खबरदार! ती जागाही कापतील. उरलेल्यांसाठी वर कोण भांडेल? राजीनामा दिलात तर मी लग्न करणार नाही तुमच्याशी!”

दादांनी मान वर केली.

“म्हणजे... नाही दिला तर?”

मी ओठ चावला. दादा पहिल्यांदाच हसले, कितीतरी दिवसांनी.

“करीन,” मी म्हटलं. “पण राग गेलेला नाही माझा.”

“जाऊ नका देऊ,” तो म्हणाला.