संमतीचा अंगठा

मांज्याची फिरकी ठेव खाली, ध्रुव. मोहना, तूही बस. तुम्ही दोघं सायन्सवाले, तुमचा विश्वास बसणार नाही. नका ठेवू. मुकुंद तुमच्यापेक्षा जास्त शिकलेला होता, आणि हे त्यानेच मला सांगितलं.

दोन हजार नऊ साल. पंधरा जानेवारी, संक्रांतीचा दुसरा दिवस, आजच्यासारखी वासी उत्तरायण. गोरव्याच्या एका लॅबमध्ये मुकुंद औषध बनवायचा, मी तिथला हेडक्लार्क. मेंदूभोवती कुंपण असतं म्हणे, कॅन्सरचं औषध आत शिरू देत नाही. मुकुंदचे नॅनोकण, धुळीपेक्षा बारीक, औषध घेऊन आत घुसायचे. उंदरांच्या गाठी विरत होत्या. कण कुठवर पोचले ते कळावं म्हणून त्यांना रंग लावलेला. जांभळ्या दिव्याखाली हिरवे चमकायचे.

आणि इकडे रावपुऱ्यात त्याच्या सख्ख्या बहिणीच्या, प्रेमलाताईच्या मेंदूत तीच गाठ. उजवं अंग गेलेलं, डॉक्टरांनी हात टेकलेले. ती म्हणायची, "मुकुंदा, उंदरांना देतोस, मग मला का नाही रे?"

माणसाला द्यायचं तर समितीची मंजुरी लागते. संमतीच्या कागदावर तिचा अंगठाही लागतो, सहीचा उजवा हात तर गेलेला. मुकुंदने मला विचारलं, "काका, आधी अंगठा की आधी मंजुरी?" मी छाती फुगवून सांगितलं, आधी मंजुरी. तीस वर्षं फायली हाकल्या होत्या ना मी!

तीन महिन्यांनी फाईल परत आली. शेरा होता, रुग्णाची संमती जोडलेली नाही. त्याच आठवड्यात ताई गेली. मूर्ख मी, दुसरं काय म्हणू.

पुढे महिन्याभराने ही उत्तरायण. रात्री आठला वॉचमनचा फोन, "साहेब, वायर पर पतंगनी दोरी पडी छे, लाइट गई." फ्रिज बंद पडला तर औषध नासतं. मुकुंद स्कूटर काढून गेला. लॅबची किल्ली एकच, त्याच्याच खिशात. आत अंधार. बॅटरीवरच्या जांभळ्या दिव्याने त्याने कुप्या तपासल्या. सगळी सीलं शाबूत. कुप्या बर्फात ठेवल्या.

मग पॅसेजमध्ये आवाज आला. कोणीतरी एक पाय ओढत चालत होतं.

घस्... थांबलं... घस्...

"कोण आहे?"

दारात आलं. आत आलं. त्याच्या पाठीमागे थांबलं. ताईच्या कपाळाच्या बामचा वास. मुकुंद वळला नाही.

"ताई...?"

टेबलावर कागद सरकला. मग काहीच नाही.

त्याने दिवा टेबलाकडे नेला. परत आलेली फाईल उघडी होती. वर संमतीचा कागद, कोराच ठेवलेला. त्यावर अंगठा. डावा. हिरवा.

दुसऱ्या दिवशी त्याने नोकरी सोडली. जाताना कागद माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाला, "काका, संमती जोडलीये. आता पाठवा."

कुठे पाठवू? सहा वर्षं माझ्या कपाटात आहे तो. तो रंग महिन्याभरात उडतो, मुकुंदनेच सांगितलं होतं. काल रात्री जांभळ्या दिव्याखाली धरून पाहिला.

अंगठा अजून ओला आहे.