अंबुबाईचा पाळणा

काम अर्ध्या तासाचं होतं. नुंगंबाक्कमच्या एका घरात जायचं, लाकडी डब्यांचे पाच-सहा फोटो काढायचे आणि परत येऊन बातमी लिहायची. मे महिना. कत्तिरीचं ऊन, म्हणजे इथला ऐन उन्हाळा. या दिवसांत चेन्नईतली कुत्रीसुद्धा दुपारी उभ्या गाड्यांखालून बाहेर येत नाहीत. तरी मी तीन वाजता निघालो, कारण ज्या सरकारी खात्याने ते डबे ताब्यात घ्यायचे होते, त्याचा उपसंचालक सकाळपासून माझा फोन उचलत नव्हता. मी अकरा वेळा लावला होता.

वडील पेरांबूरला रेल्वेत होते, म्हणून मी इथला झालो. चौतीस वर्षं या शहरात बातमीदारी केली, ती घशाच्या जोरावर. मंत्र्यांच्या पत्रकार परिषदेत माईक माझ्यापर्यंत आला नाही तरी प्रश्न शेवटच्या रांगेतून पुढे पोचायचा.

घर भाड्याचं होतं. बावीस वर्षं तिथे एक ऑस्ट्रियन काउंटेस राहिली. हेडविग तिचं नाव, पण गल्लीत सगळे तिला दोरसानी म्हणत. गोऱ्या मालकिणीला इकडे हाच शब्द. तिचे आजोबा १९०८ साली फोनोग्राफ घेऊन तंजावरला आले होते. तिथल्या मराठी घरांतल्या बायकांची गाणी त्यांनी मेणाच्या नळ्यांवर उतरवली आणि बासष्ट नळ्या लाकडी डब्यांतून आपल्या किल्ल्यात नेल्या. वारशाने त्या हिच्याकडे आल्या. छप्पर गळायला लागलं तेव्हा हिने जंगल विकलं, चांदी विकली, शेवटी किल्ला विकला. नळ्या विकल्या नाहीत. एकसष्टाव्या वर्षी त्या घेऊन ती इथे आली. घरात एकच एसी होता, तो नळ्यांच्या खोलीत. स्वतः ती व्हरांड्यात वेताच्या खाटेवर झोपायची.

हे सगळं मला माहीत होतं, कारण तिने मला तीन पत्रं लिहिली होती. मराठीत. 'आजोबांनी नेलं ते परत करायला आले आहे. घेणारं कोणी भेटत नाही. तुम्ही लिहा.' मी लिहिलं नाही. शेवटी तिने फोन केला, तेव्हा मी ओरडलोच, "बाईसाहेब, सरदार घराण्यांचे चोचले मी छापत नाही!"

ती म्हणाली, "हळू बोला. ऐकू येतंय."

एप्रिलमध्ये ती गेली. घरमालकाने महिनाभर वाट पाहिली आणि वीज तोडली. आता मात्र ती बातमी झाली होती.

दार राजसबाईंनी उघडलं. वय एकोणऐंशी, नऊवारी, कपाळाला उभं कुंकू. तंजावरच्या जुन्या मराठी घरातल्या. दोरसानीला मराठी त्यांनीच शिकवली होती.

"या, त्र्यंबकराव. पेपरात फोटोत जाड दिसता, तेवढे नाहीं."

"डबे कुठे आहेत?" मी विचारलं.

"हळू. तिला मोठा आवाज सोसत नाहीं."

'नसे' म्हणायचं असेल, असं मला वाटलं. मी चप्पल काढली.

खोलीत अंधार होता. खिडक्यांना आतून काळं कापड, दाराच्या फटीला गोधडी. बाहेर रणरणतं ऊन आणि आत पाऊल टाकल्यावर आधी काही दिसेचना. वास मात्र आला. मेणाचा, दमट लाकडाचा... आणि मासळीचा. जमिनीवर तीन घमेली होती, त्यांत बर्फाच्या लाद्या वितळत होत्या.

"बर्फ मासळीबाजारातला," राजसबाई म्हणाल्या. "जन्मात त्या गल्लीत पाय ठेवला नव्हता. आता दोन दिवस जात्ये. पण अस्की नळ्या मऊ होत आहेत. अस्की." अस्की म्हणजे सगळ्या. त्यांनी एक डबा उघडून टॉर्च धरला. मेणावर घामासारखे थेंब होते.

मी फोटो काढले. मग म्हणालो, "फोटो पुरणार नाहीत. तो उपसंचालक म्हणतो, त्यात जुन्या मेणबत्त्या आहेत. मला आवाज हवा."

राजसबाईंनी टॉर्च खाली केला. मग कपाटाच्या तळातून एक डबा काढला. झाकणावर निळ्या पेन्सिलीच्या सहा रेघा होत्या.

"सुई फिरली कीं मेण खरवडतें. म्हणून वाजवली कीं एक रेघ. आजोबांच्या तीन, बापाच्या दोन, हिची एक. बावीस वर्षांत एक! मरताना मला म्हणाली, अजून एकदा वाजेल. तें तुझं."

"यात कोण आहे?"

"माझी आजी. अंबुबाई." त्या जमिनीवर बसल्या. "अठराची होती. त्या भोंग्यात पाळणा म्हटला आन दुसऱ्या दिवसापासून आवाजच गेला. पुढे बावन्न वर्षं जगली. मी तिच्या मांडीवर वाढल्ये, त्र्यंबकराव, पण तिला बोलताना कधी ऐकलं नाहीं. घरात म्हणायचे, आवाज गोरा घेऊन गेला. ही दोरसानी पावम, बिचारी, तो परत द्यायला आली, तर मीच भीत राहिल्ये. आज ऐकत्ये. आज नाहीं तर उद्या मेणाचा गोळा होईल."

मी फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि फोन कोपऱ्यातल्या जुन्या फोनोग्राफच्या भोंग्याच्या तोंडाशी धरला. त्यांनी चावी फिरवली, नळी चढवली, सुई टेकवली. काम सराईत होतं.

आधी नुसती खरखर. मग एक पुरुष, परक्या जिभेने: "तंजावर. अंबुबाई." आणि मग ती. कोवळा, घाबरलेला आवाज, विहिरीच्या तळातून यावा तसा...

*निज माझ्या सोनुल्या, कावेरी निजली...*

राजसबाईंनी तोंडावर पदर धरला.

आणि माझ्या हातातला फोन वाजला.

उपसंचालक! अकरा वेळा न उचलणारा माणूस स्वतः फोन करत होता. मी तो कापायला हवा होता. खोलीबाहेर जायला हवं होतं. चौतीस वर्षांची सवय. मी उचलला आणि होतो तिथेच, भोंग्याच्या तोंडाशी, सुटलो. काय काय बोललो ते सांगत नाही. मेणबत्त्या म्हणतोस? ये इथे, ऐक! बाई मेली वाट बघून, लाज वाटते का? असं दोन मिनिटं. तो नरमला. सोमवारी गाडी पाठवतो म्हणाला. मी फोन ठेवला तेव्हा जिंकल्याच्या आनंदात होतो.

नळी थांबली होती. गाणं संपलं होतं. फोनवरचं रेकॉर्डिंग कॉल आला तेव्हाच बंद पडलं होतं; त्यात ती एक ओळसुद्धा अर्धीच होती.

मी काहीतरी पुटपुटलो. राजसबाई म्हणाल्या, "असो. एक ओळ तरी ऐकली." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्यांनी त्याच निळ्या पेन्सिलीने सातवी रेघ ओढली आणि काय वाटलं कोण जाणे, सुई पुन्हा सुरुवातीला टेकवली.

खरखर. बराच वेळ. आणि भोंग्यातून एक पुरुष ओरडायला लागला. "मेणबत्त्या म्हणतोस? ये इथे, ऐक!" शब्द न् शब्द. माझा आवाज. शंभर वर्षं जुना झालेला, पण माझा. शेवटी तो थांबला, आणि त्याच्या मागून, अगदी जवळून, एक बाई म्हणाली...

"हळू."

राजसबाईंचे ओठ मिटलेले होते. मी टॉर्चच्या उजेडात पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा घसा बसला होता. ओरडल्यामुळे, बायको म्हणाली. तिसऱ्या दिवशी कुजबुजसुद्धा निघेना. आज चार महिने झाले. दोन इस्पितळं झाली, नळी घालून घसा पाहिला. डॉक्टर म्हणतात, सगळं जागच्या जागी आहे. जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एकाला लिहून विचारलं. त्याने सांगितलं, वाजवायच्या सुईने आवाज कोरला जात नाही. शक्यच नाही.

सोमवारी गाडी खरंच आली. एकसष्ट डब्यांत मेणाचे गोळे निघाले. पंचनाम्यात त्यांनी 'मेणबत्त्या' असंच लिहिलं. बासष्टावा डबा राजसबाईंनी आधीच फोनोग्राफसकट मांबलमला आपल्या घरी नेला होता. तो त्यांच्या फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे असतो.

मी बोलू शकत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तरी महिनाभरापासून रोज दुपारी चारला त्यांचा फोन येतो. मी उचलतो. त्या "ऐका" म्हणतात आणि फोन भोंग्याशी धरतात. नळी झिजत नाही. ओरडणं केव्हाच संपलं. आता त्यात माझा आवाज पाळणा म्हणतो.

हो, माझाच. हळू, सुरात, जसा मी जन्मात गायलो नाही. आधी पहिली ओळ होती. मग आठवड्याने दुसरी आली: *भाताच्या पातीवर चांदणी निजली.* काल तिसरी आली: *वेशीवरची घंटा जीभ मिटून निजली.* या ओळी मी कधी ऐकलेल्या नाहीत. राजसबाईंनीही नाहीत. त्या फोनवर रडतात, बहुतेक आनंदाने. बावन्न वर्षं मुकी राहिलेली आजी त्यांना एकेक ओळ परत मिळते आहे, आणि मी तेवढं तरी देणं लागतो.

पण काल फोन ठेवण्याआधी मी कागदावर लिहिलं, त्याचा फोटो काढून त्यांना पाठवला. एवढंच विचारलं होतं: पाळणा किती ओळींचा आहे? तो संपल्यावर माझं काय होणार, ते विचारायचं धाडस झालं नाही.

उत्तर आज सकाळी आलं. कागदावर, फोटो काढून. 'मज ठाऊक नाहीं. दोरसानी म्हणते, थोडाच राहिला.'

अक्षर राजसबाईंचंच आहे. पेन्सिल निळी आहे.