शौकीने घातलेली शपथ

आईला काही सांगायचं नाही, या एका हुकमात शौकीचा फायदा किती, ते आधी पाहू. तिचं रडणं पाहावं लागणार नव्हतं, तिच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागणार नव्हती, आणि वर साऱ्या मन्सूरा शहरात 'काय हळवा मुलगा' असा लौकिक होणार होता. आईची छाती उघडून हृदयाची झडप बदलायची होती, आणि तिला, हाज्जा नबवियाला, सांगितलं होतं, "साधी तपासणी."

थोरली बहीण विसाल बिनलग्नाची. आईचं औषधपाणी आणि पथ्य यांतच तिचं तारुण्य सरलेलं... पण डॉक्टरांनी समजावलं ते शौकीला, कारण तो मुलगा. ही बाजूला उभी राहून ऐकत होती, एवढंच.

आणि आई काय दुधखुळी होती? पथ्य मोडून सुनेनं, इनासनं, तिच्या पुढ्यात खारवलेला मासा वाढला, वर लिंबू पिळून दिलं, तेव्हाच ती सुनेचं तोंड निरखू लागली. अलेक्झांड्रियाहून तिचा भाऊ आला, आंब्याच्या पेट्या आल्या, घरात कुणी तिच्याशी भांडेना. रक्तदाब असा चढला की ऑपरेशनची पहिली तारीखच हुकली.

"विसाल, आज तू मला मिठावरून बोलली नाहीस," आई म्हणाली. "मी मरतेय ना?"

"नाही गं..."

"तुझ्या बापालाही तपासणीलाच नेलं होतं. आत जाताना विचारत होता, रात्री मुलुखियाची भाजी करशील ना... माणसाला स्वतःच्या मरणाची तरी खबर द्याल की नाही रे तुम्ही?"

विसालच्या अंतःकरणात इतक्या वर्षांचा संताप भडकून उठला. प्रेमाच्या नावाखाली या बाईला तिच्याच देहातून हद्दपार केलं होतं सगळ्यांनी! ती आईसमोर मांडी घालून बसली.

"हृदयातलं एक दार गंजलंय, ते बदलायचंय. तुला झोपवतील, छातीचं हाड कापतील, तारेनं परत बांधतील. जाग येईल तेव्हा घशात नळी असेल. बोलता येणार नाही. ती ओढायची नाही. दुखलं तर बोट उचल, नर्स येईल."

"कुणी मरतं यात?"

"कधी कधी मरतं. नाही केलं तर जास्त मरतात."

आईने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. मग म्हणाली, "केस उघडे पडतील का?"

"टोपी देतात. झाकलेलेच राहतील."

"मग एवढ्यासाठी मासा चारलात होय. गाढवं कुठली." आणि ती कुशीवर वळून शांत झोपली.

शौकीला कळलं तेव्हा तो ताडकन उभा राहिला. "तिचं काळीज फाटलं तर रक्त तुझ्या हाताला लागेल, विसाल. ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलात आईच्या मजल्यावर पाय ठेवलास, तर इनासला तलाक."

इनास पांढरीफटक पडली. भांडण बहिणीशी, आणि पणाला लागला संसार बायकोचा... वा रे पुरुषार्थ! जीभ सळसळत होती विसालची, पण इनासकडे पाहून ती एवढंच म्हणाली, "बरं. मी खाली बसेन."

त्या दिवशी ती हॉस्पिटलच्या फाटकाशी, चहावाल्याच्या बाकावर बसून राहिली. ऑपरेशन आटोपलं, वर काचेपलीकडून शौकी पाहत होता. शेजारच्या खाटेवरचा रोगी नळी उपसायला धडपडत होता, त्याचे हात बांधावे लागले. आईने डोळे उघडले, छताकडे पाहिलं, आणि शांतपणे एक बोट उचललं.

"यांना कुणी शिकवलं?" नर्सने विचारलं. "एवढी शांत बाई आज पहिलीच."

 शौकी धावत खाली आला. "ताई, वर चल."

"आणि इनास?"

तो तसाच मशिदीतल्या शेखांकडे गेला. धमकीची शपथ, बायकोला सोडायची नियत नव्हती, तर आधी दहा गरिबांना जेवू घाल, मग मोड, असं त्यांनी सांगितलं.

"पुढल्या वेळी स्वतःच्या मिशीची शपथ घाल," इनास म्हणाली, आणि खाली बसून रडली.

घरी चुलीजवळ शौकी बहिणीच्या पायाशी बसला. "भीती मला वाटत होती, ताई. आईला नव्हे, मला."

"ठाऊक आहे. ते ताट दे इकडे."

आता कुणी काय भरलं, ते मांडू. शपथ शौकीची, मांस-तांदूळही त्यानेच आणले. भीती इनासने सोसली, छातीवरचा घाव आईने. त्या संध्याकाळी नळी निघाली आणि आईने पहिली हाक मारली, "विसाल..." तेव्हा विसाल तिथे नव्हती. ती घरी त्या दहा गरिबांचा भात उतरवत होती.